एकवार, दोनवार

कवडेवस्तीच्या शाळेत टॅब आले त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची पूजा झाली. खोटं नाही सांगत. दहा टॅब टेबलावर मांडले, मधोमध नारळ ठेवला, अन् मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांनी एकेकाला हळदीकुंकू वाहिलं. काचेवरचं कुंकू सगीरा मॅडमनी ओढणीनं पुसून काढलं, तरी एका टॅबच्या कडेला फटीत ते बसलं ते बसलंच. पोरं त्या टॅबला लाल टॅब म्हणायला लागली.

पडेगाव ओलांडून दौलताबादच्या रस्त्यानं निघालं की मंगल कार्यालयं लागतात, लॉन लागतात, पुढं एक बंद पडलेली वीटभट्टी, अन् तिच्या मागं ही वस्ती. शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी सरांकडं, तिसरी-चौथीची सदतीस पोरं सगीरा मॅडमकडं. मॅडमची नोकरी एकोणीस वर्षांची. जिभेवर तिखट, पण पोराच्या पायात चप्पल नाही असं दिसलं की संध्याकाळी स्वतः जाऊन घेऊन येणार. मराठी शिकवताना शुद्ध, चिडल्यावर दखनी. पोरांना त्यावरून हवामान कळायचं.

टॅब एका कंपनीनं फुकट दिले होते. आता फुकट म्हणजे किती फुकट असतं ते आपल्याला ठाऊकच आहे. कंपनीनं शाळेच्या नावानं एक पान काढलं होतं, त्यावर रोज एक व्हिडिओ गेला पाहिजे ही अट. वरून आणखी एक फर्मान असं, की प्रत्येक फोटोवर, प्रत्येक व्हिडिओवर खालच्या बाजूला शिक्का उमटला पाहिजे: गाव, तालुका, पिनकोड, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. तेवढ्यासाठी वेगळा कॅमेरा टॅबमध्ये घालून दिला होता. मास्तर खरंच शाळेत होता का, हे त्या शिक्क्यावरून कळतं म्हणे.

“पोरगं सतराचा पाढा विसरलं तर कुणी विचारत नाय,” सगीरा म्हणायची, “शिक्का विसरला की लगेच खुलासा मागतेत. क्या जमाना है!”

तर जुलैमध्ये द्वारका आली. अठ्ठावीस-एकोणतीसची असेल. रोड अंगाची, डावा डोळा सारखा पाझरणारा. ती जवळच्या मंगल कार्यालयात पोळ्या लाटायची. सोबत नऊ वर्षांची लेक, शिवकन्या. दाखला नव्हता. दाखल्यावाचून प्रवेश द्यायचा नियम आहे, सगीरानं लगेच नाव घातलं. पण द्वारका उठेना.

“मॅडम, एक हात जोडून सांगते. पोरीचा फोटो नका काढू. कुठंच नका टाकू.”

“का बरं?”

मग तिनं सांगितलं. नवरा कडुबा, भोकरदनकडचा. मिरचीच्या बाजारात लिलाव पुकारतो. त्याचा आवाज असा, की दोन एकराच्या बाजारात भोंगा लागत नाही. घरात हात चालतो. मागच्या उन्हाळ्यात त्यानं तिच्या डोळ्यात तिखटाची पूड चोळली, तेव्हापासून डोळा असा. पोलिसांत गेली होती. “त्यांनी त्याला समज देऊन सोडला. घरी येऊन त्यानं मला समज दिली.” मग एका दिवशी लेकीचा हात धरला अन् निघाली.

“तो म्हणतो, तुला जायचं तिथं जा, मर. पोरगी माझी हाय, ती इथंच राहील. तिला अजून हात नाय लावला त्यानं. पण मला मारताना बघून पोरगी झोपेत अंथरूण ओलं करायची. नऊ वर्षांची घोडी, मॅडम. इथं आल्यापासून एकदाबी नाय केलं.”

सगीरानं तिचा हात हातात घेतला. “द्वारकाताई, माझ्या हातून तुमच्या लेकीचा एकपण फोटो जाणार नाही. ही माझी जबान.”

जबान द्यायला काय लागतं! पाळायला लागलं तेव्हा कळलं. रोज व्हिडिओच्या वेळी शिवकन्याला उठवून पाण्याच्या टाकीपाशी पाठवायचं. ती भिंतीला नख घासत उभी राहायची, आतून पोरांचा हसण्याचा आवाज यायचा. आठवडाभर असं झालं, अन् एक दिवस लाइबानं, पहिल्या रांगेतल्या ठेंगण्या पोरीनं, सगळ्यांसमोर विचारलं, “मॅडम, शिवकन्या घाण आहे का? तिला बाहेर का घालवता?”

सगीराला रात्रभर लाइबाचा तो प्रश्न कुरतडत राहिला. सकाळी स्कूटी चालवता चालवता एकदम डोक्यात उजेड पडला. अरे, जो फोटो काढतो तो फोटोत कुठं असतो! तिनं वर्गात पाय ठेवल्या ठेवल्या लाल टॅब शिवकन्याच्या हातात दिला. “आजपासून तू आमची कॅमेरावाली.”

काय सांगू, पोरगी अशी खुलली! टाकीपाशी भिंत खरवडणारी ती, आता छत्तीस पोरांना हुकूम सोडायला लागली. “याह्या, मान वर. शिवम, नाकातलं बोट काढ.” अन् सगळे नीट बसले की टॅब डोळ्यासमोर धरून ती अशी काही आरोळी ठोकायची, की वर्गाच्या पत्र्याला कंप सुटावा.

“एकवाऽर! दोनवाऽर!”

शेवटी सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, “तीनवार!” अन् दात काढून, मान तिच्याकडं वळवून, पुतळा व्हायचा. हलायचं नाही. मग ती फोटोचं बटण दाबायची; व्हिडिओ तर आरोळीच्या आधीपासूनच चालू असायचा.

“हे कुठं शिकलीस गं?” सगीरानं एकदा हसता हसता विचारलं.

“पप्पा मिरचीचा लिलाव असाच पुकारतेत. दोनवार नंतर थांबतेत अन् बोट वर करतेत.” तिनंही बोट वर केलं. बापाची आठवण सांगताना पोरीचा चेहरा थोडा उजळला होता, तेही सगीरानं पाहिलं.

ऐकलं, पाहिलं, अन् सोडून दिलं. पुढं किती दिवस ती स्वतःला हेच विचारत राहणार होती, की बाई, कानात तेव्हा काय बोळे घातले होते का?

सुरुवातीला सगीरा व्हिडिओचा पुढचा तुकडा कापून टाकायची. आरोळी जायची, नुसता पाठ राहायचा. मग ऑक्टोबरात कंपनीकडून येणाऱ्या शिवराजनं न कापलेला व्हिडिओ पाहिला. गळ्यात पट्टा, हातात दोन फोन, पोरगा गोड बोलायचा. तो उडालाच. “मॅडम, हे का कापता? हीच तर मजा आहे! हीच आपली ओळख!” तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओ त्या आरोळीनं सुरू व्हायला लागला. कॅमेऱ्यामागचा, तोंड न दिसणारा, खणखणीत आवाज. खाली शिक्का: कवडेवस्ती, पिनकोडसकट. लोकांना आवडलं. कुणी लिहायचं, ‘कोण ही वाघीण?’ सगीराला अभिमान वाटायचा, घरी जाऊन ती नवऱ्याला दाखवायची. फोटो काढला नव्हता, जबान मोडली नव्हती. मनात कुठं शंका म्हणून शिवली नाही.

फेब्रुवारीत भाजीबाजाराचा पाठ होता. पोरांनी वर्गातच बाजार मांडला, शिवकन्यानं आरोळी दिली, अन् तो व्हिडिओ चार दिवसांत दोन लाख लोकांनी पाहिला. गुरुवारी मधल्या सुट्टीत सगीरा खिचडीचं ताट बाजूला ठेवून लोकांनी काय लिहिलंय ते वाचत बसली. वाहवा, हात जोडलेले, फुलं. मग एक ओळ आली.

‘ही पुकार तर आपल्या मिरची मार्केटची. दोनवारला थांबायची कडुबाची इश्टाईल हाय.’

खाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, ‘कडुबा भाऊ, ऐका बरं. पोरगी सापडली वाटतं.’ पुढं हसणारी तोंडं. अन् त्याच्याही खाली तिसऱ्या भल्या माणसानं शिक्क्यावरचा पत्ता वाचून, नीट टाइप करून दिला होता.

“या अल्लाह,” सगीरा म्हणाली.

ती सरांकडं धावली. बद्रीनाथ सर माणूस वाईट नाही, पण त्यांचा निम्मा जीव निवृत्तीत अडकलेला. “मॅडम, त्यात पोरीचं तोंड कुठं दिसतंय? नाव कुठंय?”

“आवाज आहे, सर.”

“आवाजाला काय आधार कार्ड असतं का? उगं घाबरता.”

पानाचा पासवर्ड शाळेकडं नव्हताच; व्हिडिओ कंपनीकडं जायचे, अन् पानावर तेच टाकायचे. तिनं शिवराजला फोन लावला. “मॅडम, दोन लाख! डिलीट कसं करू? वरिष्ठांना विचारावं लागेल. सोमवारी मीटिंग आहे, तेव्हा विषय काढतो.” सगीरानं सगळं उलगडून सांगितलं, आवाज चढवला, शेवटी अक्षरशः रडली. तेव्हा तो पोरगा घाबरला, अन् त्यानं आपल्या जबाबदारीवर तासाभरात व्हिडिओ काढून टाकला. सगीराचा जीव भांड्यात पडला. तो भांड्यात पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही. याह्याची आई पोराला लवकर न्यायला आली होती, तिनं कौतुकानं आपला फोन पुढं केला. “मॅडम, आमच्या माहेरच्या ग्रुपवर पण आला बघा तुमचा व्हिडिओ.” पत्त्यासकट, शिक्क्यासकट. आता कुणाकुणाच्या फोनमधून काढणार होती ती? सांडलेलं तेल कधी बाटलीत भरता येतं का?

शाळा सुटल्यावर ती मंगल कार्यालयात गेली. मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये आठ बायका पोळ्या लाटत होत्या. द्वारका पिठाच्या हातांनी बाहेर आली. सगीरानं एक शब्द न लपवता सगळं सांगितलं. पार त्या बोट वर करण्यापर्यंत. तिला वाटलं, ही आता मला चार शिव्या देईल. द्यायलाच पाहिजेत.

द्वारका बराच वेळ हाताचं पीठ चोळत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही फोटो नाय काढला, मॅडम. जबान पाळली तुम्ही.”

त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

रविवारी इथलं मोठं लग्न होतं, ते उरकलं की बिडकीनला जायचं असं द्वारकानं तिथल्या तिथं ठरवलं. तिच्याबरोबर पोळ्या लाटणाऱ्या गीताबाईची बहीण तिथं राहायची. मधले दोन दिवस काढायचे होते. “तोवर पोरीला खोलीत कोंडून ठेवू का?”

“एकटी नको,” सगीरा म्हणाली. “तो वस्तीवर आला तर खोलीत तिला वाचवायला कोण आहे? शाळेत पाठवा. माझ्या डोळ्यासमोर राहील.”

“व्हय,” द्वारका म्हणाली, “शाळेत तुम्ही हायेत.”

शुक्रवारी सगीरानं दार लावून घेतलं अन् वर्गाला समोर बसवलं. सगळं सांगितलं नाही, पोरांना सांगायचं तेवढंच सांगितलं. कुणी अनोळखी माणूस आला तर शिवकन्यानं टॅबच्या कपाटामागं जायचं. बाकीच्यांनी तिचं नाव घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, आज आली नाही. मग तिनं तीनदा तालीम घेतली. स्वतः बाहेर जायची, दारातून आत यायची अन् गोड आवाजात विचारायची, “पोरांनो, शिवकन्या कुठंय?”

“आज नाय आली!” पोरं ओरडायची. शिवम तर, ज्याला शाईचं पेन चोरल्यावर खोटं बोलता आलं नव्हतं, तो असा निरागस चेहरा करायचा की सगीरालाच खरं वाटावं. लाइबानं बजावलं, “मॅडम, कपाटाकडं कुणी बघायचं पण नाही.” शाबास गं माझी बाय! सगीराला त्या पोरांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. शुक्रवार तसाच गेला. कुणी आलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा. नऊच्या सुमाराला फाटकाशी मोटारसायकल थांबली. दोन माणसं उतरली, अन् सरांच्या खोलीत गेली. सगीरानं खिडकीतून पाहिलं. नुसती मान हलवली, तेवढ्यात शिवकन्या उठली अन् कपाटामागं गेली. लाल टॅब तिथंच चार्जिंगला होता. खाली बसताना तिनं तो उचलून छातीशी धरला.

सगीरानं द्वारकाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पोळ्या लाटताना बायका फोन पिशवीत घालून खिळ्याला अडकवतात, हे तिला माहीत होतं, तरी तिनं पाच वेळा लावला. मग पोलिसांना लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, “बापच आहे ना? मारहाण चालू आहे का आत्ता? मग बाई, घरच्या भांडणात आम्ही कसं पडणार? गाडी मोकळी झाली की पाठवतो.”

सरांच्या खोलीत कडुबा खुर्चीच्या कडेवर बसला होता. राक्षस असता तर बरं झालं असतं. पांढरा शर्ट, गळ्यात रुमाल, दाढी केलेली. हातात जिलबीचा पुडा. सोबतच्या सांडूनं, त्याच्या भावकीतल्या माणसानं, प्लास्टिकची फाइल उघडली होती: जन्मदाखला, रेशनकार्ड, आधार. कडुबा सगीराला बघून उठला अन् वाकून नमस्कार केला.

“मॅडम, तुमचे लई उपकार हायेत. आठ महिने वणवण फिरलो. तुमच्या व्हिडिओनं लेकरू गावलं.”

त्याचे डोळे ओले झाले होते. खोटे नव्हते ते, अन् हेच तर भयंकर होतं. सगीराच्या डोळ्यापुढं द्वारकाचा पाझरणारा डोळा आला.

सरांनी तिला बाजूला घेतलं. “मॅडम, बाप आहे तो. रजिस्टरला त्याचंच नाव आहे. कोर्टाचा एखादा कागद असता तर मी म्हणालो असतो, नाही देत. मी कशाच्या जोरावर अडवू?” मग दुसरीकडं बघत म्हणाले, “हजेरी मात्र तुमच्याकडं असते.”

एवढी हिंमत त्या माणसानं केली, ती त्याच्या मानानं लई होती.

“शिवकन्या आज आली नाही,” सगीरा मोठ्यानं म्हणाली.

कडुबानं मान डोलावली. “बरं. वर्ग तरी बघू द्या. कुठं बसते लेक, तेवढं बघतो अन् जातो.”

याला नाही कसं म्हणायचं? ती पुढं झाली, तो मागून आला. दारात त्यानं चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. आत पोरं ताठ बसली होती.

“पोरांनो,” तो गोड आवाजात म्हणाला, “शिवकन्या कुठंय रे?”

“आज नाय आली!”

सगळी एकदम. एकाचीही मान वळली नाही. शिवम निरागस, याह्या निरागस, लाइबा छताकडं बघतेय. सगीराच्या मनात आलं, खुदा या पोरांना उदंड आयुष्य देवो, निभावलं यांनी.

कडुबा सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत राहिला. जिलबीचा पुडा टेबलावर ठेवला. “खा रे सगळे,” म्हणाला, अन् वळला. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. सगीरानं टेबलावरचा खडू उचलला.

तो तिथंच थांबला. त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. कदाचित त्याला काहीच नको होतं, नुसतं लेकीच्या वर्गात एकदा आपला आवाज ऐकायचा होता. कदाचित तसं नसेलही. त्यानं पाठमोऱ्यानंच, बाजारातल्यासारखी, मान मागं टाकली.

“एकवाऽर!”

पत्रा थरथरला. सगीराला कळलं. सगळं एकदम कळलं.

“दोनवाऽर!”

तो थांबला. बोट वर केलं.

“नको,” सगीरा म्हणाली, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

“तीनवार!” छत्तीस पोरं ओरडली. गेले सात महिने रोज ओरडत होती तशी. पाठ सरळ केली, दात काढले, अन् सगळ्यांनी मिळून माना वळवल्या, कपाटाकडं.

कडुबानं मागं वळून पाहिलं. आधी पोरांकडं, मग पोरं बघत होती तिकडं.

“चल गं माय,” तो हळू आवाजात म्हणाला. “घरी जाऊ.”

कपाटामागं चार्जरची वायर ताणली गेली, सुटली, फरशीवर पडली. शिवकन्या बाहेर आली. टॅब छातीशी तसाच होता. ती बापाकडं बघत नव्हती, मॅडमकडं बघत होती. तिच्या पायाखालची फरशी ओली झाली होती.

सगीरा हातात खडू घेऊन उभी राहिली. समोर वर्ग हसऱ्या तोंडानं, न हलता, तसाच बसला होता. फोटो अजून निघाला नव्हता.